एका भांड्यात दोन गहू

आई,

साहेबांची गाडी आत्ता वाघोलीत आहे. तिथून आमच्या कंपनीच्या गेटपर्यंत नगर रस्ता कसा चालतो ते त्या रस्त्यालाच ठाऊक, त्यामुळे तासभर तरी माझ्या हातात आहे. एरवी या वेळेला मला पाणी प्यायलाही फुरसत नसते. आज माझ्याच सांगण्यावरून अर्धा कारखाना गप्प उभा आहे, आणि या शांततेत हातांचं काय करायचं ते मला सुचत नाही. म्हणून टेबलावरचा पल्पचा एक पुठ्ठा ओढला आणि त्याच्या पाठीवर तुला लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मी कधी एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते आहे ती माया दाटून आली म्हणून नव्हे. मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि साहेब यायच्या आत भांडायचं आहे.

आधी इथे काय झालंय ते ऐक. पल्प म्हणजे लाकडाचा लगदा. झाड कापून, शिजवून, धुऊन त्याचे असे जाड पांढरे पुठ्ठे करतात आणि गठ्ठे बांधून आमच्याकडे पाठवतात. आम्ही ते कॉस्टिकच्या, म्हणजे दाहक सोड्याच्या पाण्यात भिजवतो, दाबून पिळतो, कुस्करतो, मुरायला ठेवतो, मग आणखी एक रसायन लावून त्याचा मधासारखा दाट पाक करतो. त्याला विस्कोज म्हणतात. तो पाक बारीक भोकांच्या चकतीतून आम्लाच्या हौदात सोडला की तिथल्या तिथे त्याचा धागा होतो. तू ज्या साडीला ‘खोटं रेशीम’ म्हणून नाक मुरडायचीस आणि तरी लग्नाकार्याला तीच नेसायचीस, ती अशाच धाग्याची. आता लगेच म्हणू नकोस की ही तर कुरडई झाली. सगळे तेच म्हणतात. एकदा सत्काराच्या भाषणात मीही म्हणाले होते, की आईच्या कुरडईच्या पातेल्यात मला रसायनशास्त्र सापडलं, आणि टाळ्या पडल्या होत्या. तसं काही नाही. हे काम मी पुस्तकं वाचून आणि कितीतरी टाक्या नासवून शिकले. तुझ्याकडून मी शिकले ती एकच गोष्ट, आणि तिच्याच पायी आज ही वेळ आली आहे.

झाडाझाडात फरक असतो, एवढं मात्र गव्हासारखंच. आमच्याकडे वर्षानुवर्षं थंड मुलखातल्या झाडांचा पल्प येतो, लांब धाग्याचा. कॉस्टिक किती तेज हवं, पाणी किती कोमट हवं, किती वेळ भिजवायचं, नंतर किती मुरवायचं, हे सगळं त्याच्या स्वभावाप्रमाणे बसवलेलं. निलगिरीचा पल्प आखूड धाग्याचा. तो वेगळा फुगतो, वेगळा मुरतो, त्यातला हलका चिकट भाग कॉस्टिकमध्ये उतरतो आणि ते पाणीच बिघडवतो. तो वाईट असतो असं नाही. त्याचं माप वेगळं असतं, आणि ते बसवायला थोडा वेळ द्यावा लागतो. यंदा आमच्या नेहमीच्या पल्पचं जहाज अडकलं. साठा तळाला गेला. साहेबांनी कुठून तरी निलगिरीचा पल्प मिळवला आणि सांगितलं, दोन्ही एकाच टाकीत भिजवा, जुना पुरवून पुरवून वापरा. मी म्हणाले, वेगवेगळे भिजवू, मला नव्याचं माप बसवू द्या. ते म्हणाले, “मॅडम, गिऱ्हाइकाला धागा हवाय, तुमचे प्रयोग नकोत.” घातले दोन्ही एकत्र.

व्हायचं तेच झालं. एकाचं भिजून झालं तेव्हा दुसरा कच्चा होता. पाकात न विरघळलेले कण राहिले, जेलीसारख्या गाठी राहिल्या. गाळण्या तुंबल्या, चकत्यांची भोकं बुजली, आणि धागा तुटायला लागला. धागा तुटला की माणसाला मशीनची काच वर सरकवून हात आत घालावा लागतो, चकती साफ करून धागा पुन्हा ओढून घ्यावा लागतो. त्या काचेआड विषारी वायू असतो. काच बंद असली की तो वरच्या वर ओढला जातो. सगळ्याच काचा सारख्या उघडायला लागल्या की तो माणसांच्या तोंडावर येतो. नासक्या अंड्यांसारखा वास. वास येतोय तोवर बरं म्हणायचं. येईनासा झाला तर समजायचं की नाक मेलं, वायू आहे तिथेच आहे.

आमच्याकडे कोरेगाव भीमाचे एक मामा आहेत, मशीनवरचे सगळ्यात जुने कामगार. आज सकाळी कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन उभे राहिले. डोळे लालभडक, पाणी वाहतंय. मला म्हणाले, “मॅडम, त्या ट्यूबभवती कडं दिसतंय का वो तुमाला? रंगीत?”

मी म्हणाले, नाही.

“मंग मलाच दिसतंय,” असं म्हणून ते बसायला गेले आणि चहाचा कप त्यांनी टेबलाच्या बाहेर ठेवला. कप फुटला. गॉगल का लावत नाही म्हणून मी त्यांच्यावर ओरडले, कारण घाबरले की मी ओरडते, ते तुला माहीत आहे. मामा शांतपणे म्हणाले, “लावतो की. पर त्यावर धुकं धरतंय. आन् धागा तुटतोय घडीघडीला. पुसू कवा आन् जोडू कवा?”

दिव्याभोवती कडं दिसणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. बुबुळावरचा काचेसारखा थर वायूने सोलवटतो. माणूस वेळीच बाहेर निघाला तर तो भरून येतो. नाही निघाला तर मामांचं पुढचं आयुष्य त्या कड्यातूनच जायचं. मी तशीच उठले, कंट्रोल रूममध्ये गेले आणि सगळ्या मशीन बंद करायला लावल्या. माणसं बाहेर काढली. मग साहेबांना फोन केला. ते पुण्यात होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मी निघतोय. मी पोचेपर्यंत लाइन सुरू झालेली पाहिजे. नाहीतर मॅडम, तुमच्या खुर्चीवर…”

मी लाइन सुरू केलेली नाही. पण बंद केली म्हणजे सुटलो, असंही नाही. तयार विस्कोज कुणाची वाट बघत नाही. टाकीत नुसतं ठेवलं तरी आतल्या आत मुरत जातं, आणि वेळ टळली की पाइपातच थिजून बसतं. मग पाइप कापून काढण्याशिवाय इलाज नाही. एक तर पुन्हा काचा उघडून ते धाग्यात काढायचं, नाहीतर सगळी टाकी सोडून द्यायची. सोडून द्यायला साहेबांची परवानगी लागते. मघाशी त्यांचा पुन्हा फोन आला, “सणसवाडीच्या चौकात अडकलोय. झाली का सुरू?” मी म्हणाले, नाही. त्यांनी फोन ठेवला.

आणि या सगळ्यात मला तू का आठवावीस? तुझ्या त्या एका वाक्यामुळे.

दौंडचं आपलं रेल्वेचं क्वार्टर. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात तीन दगडांची चूल. आप्पा यार्डात कामाला, मोठ्या साहेबांच्या हाताखाली. उन्हाळा लागला की कॉलनीतल्या बायका तुझ्याकडे गहू आणून टाकायच्या, कारण तुझ्या कुरडईसारखी पांढरी आणि फुलणारी कुरडई दुसऱ्या कुणाची व्हायची नाही. भिंतीच्या सावलीत भांड्यांची रांग. प्रत्येकीचं भांडं वेगळं, त्यावर प्रत्येकीचं फडकं. तू रोज पाणी बदलतेस, एकेक दाणा चिमटीत दाबून बघतेस, दूध निघतंय का. कुणाचा गहू आज दळायचा, कुणाचा उद्या, ते तुझी चिमटी ठरवते. शेजारीण घाई करायला लागली की तू म्हणतेस, “ज्याच्या त्याच्या गव्हाला ज्याचा त्याचा येळ. तुझ्या घाईनं न्हाई फुगायचा त्यो.” शेजारणीला तू असं बोलू शकत होतीस. मोठ्या साहेबांच्या बाईंना नाही.

बाईंच्या मुलीचं लग्न ठरलेलं. रुखवतात कुरडया मांडायच्या होत्या, त्याही तुझ्याच हातच्या. गहू दोन ठिकाणचा आला, अर्धा बाईंच्या माहेरची खपली आणि अर्धा बाजारातला. तू दोन पातेली काढलीस. बाई अंगणात उभ्या होत्या, म्हणाल्या, “दोन-दोन भांडी कशाला अडवतेस? एकातच भिजव सगळं.”

तू म्हणालीस, “बाई, खपलीला येळ जास्त लागतो.”

“तू कर गं मी सांगते तसं.”

आणि तू म्हणालीस, “व्हय, बाई.”

कुरडईचा दिवस अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. चीक शिजतोय आणि तू पळी फिरवते आहेस, पण गाठी मोडत नाहीत. एका गव्हाने आंबट वास धरलाय आणि दुसऱ्याचा चीक पुरता सुटलेलाच नाही. तू तो गरम गरम चीक सोऱ्यात भरतेस. दोन वळसे पडतात आणि भोकं बुजतात. तू दांडा जोरात दाबतेस, अजून जोरात, आणि खालून वाट नाही म्हणून उकळता चीक वरून उसळून तुझ्या मनगटावर येतो. तू ओरडत नाहीस. पदर मनगटाला गुंडाळतेस आणि पुन्हा दाबायला घेतेस. मी तुझ्याजवळ उभी आहे, मला रडू येतंय, आणि तू मला म्हणतेस, “कडंला हो, अंगावर उडंल.” त्या कुरडया वाळल्या आणि हात लावला की चुरा व्हायला लागल्या.

बाई बघायला आल्या. एक उचलली, ती त्यांच्या बोटांत मोडली. “हे काय गं करून ठेवलंस?” म्हणाल्या. मी म्हणाले, तुम्हीच सांगितलं होतं एकत्र भिजवायला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू त्याच भाजलेल्या हाताने माझ्या पाठीत धपाटा घातलास. “मोठ्यांच्या तोंडी लागायचं न्हाई.” आणि मग बाईंकडे वळून, मान खाली घालून म्हणालीस, “बाई, माझाच हात चुकला.”

बाई गेल्यावर मी विचारलं, का म्हणालीस तसं? चूक त्यांची होती ना? तू पाटावर ताट ठेवलंस आणि म्हणालीस, “जेवून घे आधी.” बस्स. त्यावर तू पुन्हा कधी बोलली नाहीस. पुढच्या उन्हाळ्यात त्याच बाईंचा गडी गहू घेऊन आला, दोन वेगवेगळी पोती, आणि म्हणाला, “बाई म्हनल्यात, तुमाला वाटंल तसं भिजवा.” तू नुसतं हं केलंस आणि दोन पातेली काढलीस. मला तेव्हा तुझी इतकी लाज वाटली. एवढा अपमान गिळून पुन्हा त्यांचंच काम करायला बसली, असं वाटलं. मनगटावरचा तो डाग तू काकणं मागेपुढे सारून झाकायचीस, आणि मला तोही राग यायचा.

‘माझाच हात चुकला’ हे वाक्य माझ्या अंगात शिरलं, आई. एवढं शिकले, दौंडहून पुण्याला रेल्वेने ये-जा करून डिग्री घेतली, नोकरीत वर चढले, पण वरच्या माणसाने आवाज चढवला की माझी मान तुझ्यासारखीच खाली जाते. पल्प एकत्र घाला म्हणाले, घातले. तुझं ‘व्हय, बाई’ मी साहेबी भाषेत म्हणाले, एवढाच फरक. आणि आज मामांनी कप हवेत ठेवला तेव्हा मला त्यांचे डोळे दिसण्याआधी तुझं मनगट दिसलं. म्हणून लिहिते आहे. तुला कळवायला, की आज ते वाक्य मी म्हणणार नाही. साहेब विचारतील, कुणी केलं हे? मी तोंडावर सांगणार, तुम्ही. मग खुर्ची गेली तरी चालेल.

शिक्रापूर सुटलं म्हणून ड्रायव्हरने गेटवर कळवलंय. विस्कोज दाट व्हायला लागलंय, प्रयोगशाळेतून आकडा आला. दुसऱ्या पाळीची माणसं येऊन आवारात उभी आहेत, आत जायचं का म्हणून माझ्या खिडकीकडे बघताहेत. गेटवर हॉर्न वाजला. ठेवते.

आता दिवस मावळला आहे. तोच पुठ्ठा, उरलेल्या जागेत लिहिते.

साहेब आधी माझ्याकडे आले नाहीत. मशीनवर गेले, बंद काचांसमोरून एक फेरी मारली. बाहेर बाकावर मामा डोळ्यांवर ओलं फडकं धरून बसले होते, त्यांच्यासमोर घटकाभर थांबले. मग माझ्या केबिनमध्ये येऊन खुर्चीत बसले. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी रुमालाने मान पुसली आणि हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, मिसळायला कुणी सांगितलं, असं वरून विचारलं तर मी काय सांगू?” मग स्वतःच म्हणाले, “भिजवण्याचं टेंपरेचर चुकलं असं सांगतो. तुमच्या सेक्शनकडून चुकलं. मग टाकी सोडून द्या, दोन्ही पल्प वेगळे भिजवा, हवा तेवढा वेळ घ्या. तुमच्या कामात मी पुन्हा पडणार नाही. पण मिसळण्याचा विषय निघाला तर माझं काही खरं नाही. मग मिसळलेलं चालतं हे दाखवायला मला ही लाइन आत्ताच्या आत्ता चालवावी लागेल. तुम्ही नाही म्हणालात तर दुसरं कुणीतरी हो म्हणेल.”

ते खरं होतं. व्हय म्हणणारा माणूस दोन केबिन सोडून बसलेला होता. खिडकीबाहेर दुसऱ्या पाळीची माणसं होती, गॉगल गळ्यात अडकवून. तासभर पाठ केलेलं माझं वाक्य जिभेवर तयार होतं. ते वाक्य मी म्हणाले असते तर मला फार बरं वाटलं असतं. आणि मग काचा उघडल्या असत्या.

मी म्हणाले, यापुढे धागा असा तुटायला लागला की मशीन थांबवायची, कुणाला न विचारता. ते म्हणाले, ठीक. मी म्हणाले, मामांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, तुमच्या गाडीतून, आत्ता. ते म्हणाले, ठीक, आणि माझ्याकडे बघत राहिले. आई, मग मी मान खाली घातली आणि म्हणाले, “माझाच हात चुकला, सर.”

तुझा आवाज तेव्हा जराही हलला नव्हता. माझा हलला.

मामा बाकावरून उठून दारात आले होते. त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. मी हात धरून त्यांना गाडीकडे घेऊन निघाले तर म्हणाले, “मॅडम, तुमी कशापायी म्हनला तसं? चूक त्यांची व्हती.” मी म्हणाले, “आधी गाडीत बसा, मामा.” ते बसले, गाडी गेटबाहेर गेली, आणि मी तिथेच आवारात उभी राहिले. तेव्हा मला ती दोन पोती आठवली. वेगवेगळी बांधलेली. तुझ्या पातेल्यांत त्यानंतर कुणी कधी हात घातला नाही, आप्पांची यार्डातली जागाही हलली नाही. मी ते रोज बघत होते आणि मला कळलं नव्हतं.

म्हणून तुझं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. बाईंचं चुकलं हे बाईंनी मरेपर्यंत कबूल केलं नाही, आणि साहेब उद्या दुसऱ्या कारखान्यात गेले तर तिथेही दोन पल्प एकाच टाकीत घालायला सांगतील. तुझं वाक्य खोटं होतं, माझंही खोटं आहे. उद्यापासून मी भिजवण्याचं टेंपरेचर चुकवणारी बाई म्हणून ओळखली जाईन आणि मला ते टोचणार आहे. पण माझा खरा राग त्याचा नाही, हे लिहिता लिहिता कळलं. राग ‘जेवून घे आधी’चा आहे. मी तुझी मुलगी होते. पाठीत धपाटा खाल्ला होता. मला तू दोन शब्द सांगायला हवे होतेस.

हा पुठ्ठा भिजवण्याच्या टाकीत सोडून द्यावा, तुझ्यापर्यंत पोचण्याचा तोच एक रस्ता, असं मनात आलं होतं. पण शाई लागलेला पल्प टाकीत टाकणाऱ्याला मी स्वतः घरी पाठवलं असतं. ड्रॉवरमध्ये ठेवते आहे.

आत्ता मामांचा फोन येऊन गेला. डोळ्यांवर पट्टी बांधली आहे, भरून येईल म्हणालेत डॉक्टर. मग थांबून त्यांनी पुन्हा तेच विचारलं, “मॅडम, पर तुमी तसं म्हनला कशापायी?” सांगायला तोंड उघडलं होतं, आई. आणि मी विचारलं, “जेवलात का, मामा?”